कळलावी उपटण्याचे दिवस

ज्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं प्रसूतिकेंद्र होतं, तिच्यावर मी दोन पावसाळे राबले आणि ती टेकडी मला पुरून उरली. इतकी वर्षं झाली, तरी कुणी कळलावीच्या फुलाचं कौतुक करायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

फूल देखणं असतं, हे खोटं नाही. उन्हाळ्यात त्या उतारावर काहीच दिसायचं नाही. काळे तापलेले दगड, वाळलेलं गवत, मधूनमधून बांबूची बेटं. आषाढ लागला की दोन दगडांच्या फटीतून एक हिरवा कोंब वर यायचा. त्याच्या प्रत्येक पानाचं टोक दोऱ्यासारखं लांबत जायचं आणि जे सापडेल त्याला विळखा घालायचं. गवताला, बांबूला, नाहीच काही मिळालं तर दुसऱ्या कळलावीला. श्रावणात फुलं. सहा पाकळ्या, सगळ्या वरच्या अंगाला वळलेल्या, कडांना चुण्या पडलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग शेंड्याकडून लाल होत जाणाऱ्या. वाऱ्याने हलल्या की चुलीतला जाळ हलल्यासारखा वाटे. पावसाळा सरला की वेल सुकून जायचा, दगड पुन्हा उघडे पडायचे, आणि खाली नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद पुढच्या वर्षापर्यंत पडून राहायचा. वणवा लागो, गुरं तुडवोत, त्याला काही होत नसे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील गेल्यावर थोरल्या भावाने मला वर्ध्याहून नागपूरला सुईणकाम शिकायला पाठवलं. शिकून झालं की एखाद्या मोठ्या इस्पितळात नेमणूक होईल अशी माझी समजूत होती. हातात कागद पडला तो चांदा जिल्ह्यातल्या एका जंगलगावाचा. चांदा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. वडसा स्टेशनावर छोट्या रुळाच्या गाडीतून उतरायचं, तिथून कुरखेड्यापर्यंत जे मिळेल त्याने जायचं, आणि पुढे अर्धा दिवस बैलगाडी. गाव धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं, आणि टेकडीच्या कडेने गोंडांची घरं. केंद्र म्हणजे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर कौलं, आत मेणकापड लावलेलं टेबल, एक खाट आणि औषधांचं एक कपाट. हाताखाली एक शिपाई होता, चाळिशीतला शांत माणूस. मी त्याला शिपाईभाऊ म्हणत असे.

चार महिने झाले तरी बाळंतपणासाठी एकही बाई माझ्याकडे आली नाही. खरजेला मलम, तापाला क्विनाईन, मुलांचे कान वाहायला लागले तर थेंब, यासाठी यायच्या. पोट पुढे आलेली बाई मात्र माझं दार टाळून पलीकडच्या वाटेने जायची. सगळी बाळंतपणं एका सुईणीच्या हातची. ती गोंड घराण्यातली, पन्नाशी ओलांडलेली, काटक, डाव्या डोळ्यात फूल पडलेली. शेतकऱ्यांच्या घरीही बोलावणं तिलाच जाई. मी तिला नुसतं बाई म्हणायचे. ती मला नर्सबाई म्हणायची, आणि तो शब्द तिच्या तोंडून चिंचेसारखा आंबट होऊन यायचा.

पहिलं बोलावणं आलं ते श्रावणात, आणि तेही उशिरा. पहिलटकरीण होती. दोन दिवस अडलेली. मी पोचले तेव्हा सुईण तिच्या पायांशी बसली होती. पोरीच्या तळपायांना करडा लेप लावलेला होता आणि कमरेला दोऱ्याने एक कंदाचा तुकडा बांधलेला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कळलावी. कळा लावते म्हणूनच तर नाव हाये तिचं," सुईण म्हणाली. "पोर बाहेर आलं का लगेच सोडा लागते. लेप धुवा लागते. मले मालूम हाये, नर्सबाई. तुमी बसा."

नागपूरच्या माझ्या वहीत कळलावीवर एकच ओळ होती: विषारी, पोटात गेल्यास प्राणघातक. मी बसले नाही. गरम पाणी मागवलं, पोरीचे पाय साबणाने धुतले, कमरेचा दोरा कात्रीने कापला. सुईण उठून अंगणात जाऊन बसली. तासाभराने मूल आलं, ते गेलेलंच होतं. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते. ते मूल मी यायच्या आधीच गेलेलं असणार, हे मला कळत होतं. मी घरच्या बायकांना नाळ दाखवली, समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि माझ्या हातातल्या कात्रीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर, बाजारात, सगळीकडे एकच बोलणं झालं: नर्सबाईने दवा धुऊन टाकली.

त्या संतापात मी टेकडीकडे वळले. कंदच राहिला नाही तर लेप कशाचा लावतील, इतका साधा हिशेब माझ्या डोक्यात बसला. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. वरच्या कचेरीला मी पत्र लिहिलं, की केंद्रामागच्या उतारावर एक विषारी वनस्पती माजली आहे, ती काढायला दोन माणसं द्यावीत. दोन महिन्यांनी हिंदीत उत्तर आलं, की केंद्र के अहाते में घास काटने का प्रावधान नहीं है. गवताचं नावसुद्धा मी काढलं नव्हतं.

त्या उत्तराची वाट न बघता त्या वर्षी हातानेच उपटायला गेले होते. दांडा मुळाशी काडकन तुटायचा आणि कंद खाली तसाच राहायचा. शिपाईभाऊ पायथ्याशी उभा राहून बघायचा.

"ते जात नाई, बाई," तो म्हणाला. "तिचं मूळ दगडाखाली असते. गोटे उचलान तवा."

"मग गोटे उचलू."

"सारी टेकडीच गोट्यायची हाये," तो म्हणाला, आणि पाणी भरायला गेला.

पुढच्या वर्षी मी तयारीने लागले. पहिले कोंब दिसले तेव्हाच सब्बल, म्हणजे पहार, मागून आणली. रोज सकाळी बाह्यरुग्ण उरकले की उतारावर जायचं, दगड उचकटायचा, त्याच्याखालून कंद काढायचा. बोटाएवढ्या जाडीचा, कोपरात वाकलेल्या हातासारखा, कधी दोन फांद्यांच्या बेळक्यासारखा. तो पुरा निघाला तर दिवस चांगला. बहुतेक वेळा एक फांदी हातात यायची आणि दुसरी दगडाच्या पोटात मोडून राहायची. ती मोडकी फांदी पुढच्या वर्षी पुन्हा कोंब धरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. हाताला फोड आले, ते फुटले, त्यांच्यावर घट्टे पडले. गावातल्या बायका धानाची रोवणी करून परत जाताना थांबून बघायच्या. सुईण माझ्याबद्दल काय बोलते ते शिपाईभाऊने मला सांगितलं होतं: "लोकं डोंगराले नारळ ठेवतात, नर्सबाई खरवडून राह्यली."

काढलेले कंद मी केंद्राच्या कुंपणाशी आणून टाकत असे. वेल आधीच कोयत्याने तोडायचा, कारण पानं लागून राहिली तर कंद जिवंत राहील असं मला वाटे. ढीग सुकला की जाळायचा, असा बेत होता. पण पाऊस उघडेना. रॉकेल कंदिलापुरतंच होतं. ढीग वाढत गेला, पावसाने माती धुऊन निघाली, आणि ते कंद स्वच्छ, तुकतुकीत दिसायला लागले. बाजारात मांडावेत असे.

एक दिवस सुईण कुंपणापाशी थांबली. माझ्या दाराशी ती आपणहून आली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"हे इथी काऊन ठेवलं?" तिने विचारलं.

"जाळायचं आहे. वाळू दे."

"कोणी खाल्लं तर?"

"कोण खाईल? तुम्हीच म्हणता ना, गावात लहान पोरालाही कळलावी ओळखता येते."

"पान हाये तवा ओळखते. पान कुठी हाये? आणि गावचे ओळखतात. गावात काय गावचेच लोक हायेत का?"

तिचं म्हणणं मला समजलं होतं. पण ते तिने सांगितलं होतं, म्हणून मला ते ऐकायचं नव्हतं. "बघते," म्हणाले आणि आत गेले. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. मी खरंच आत जाऊन कपाटातल्या बाटल्या पुसत बसले होते.

नाल्याच्या अलीकडे, गावापासून थोड्या अंतरावर, त्या वर्षी खडी फोडणाऱ्यांच्या चारपाच झोपड्या पडल्या होत्या. कुरखेड्याकडून सडक येणार होती. माणसं सिरोंच्याच्याही पलीकडची, गोदावरीपारची, तेलुगू बोलणारी. पावसाने काम थांबलं, त्यांचा मुकादम धान्य घेऊन येतो म्हणून गेला आणि नाला भरल्यामुळे पलीकडेच अडकला. झोपड्यांतली माणसं अलीकडे राहिली. त्यांच्याजवळ काय उरलं आहे, काय नाही, हे आमच्यापैकी कुणीही जाऊन बघितलं नाही. मीही नाही. मला टेकडी होती ना.

त्यांच्यातली एक तरुण बाई पायाच्या चिखल्यांना औषध मागायला आली. वीस-एकवीसची असेल. गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, आणि केस असे की अंबाड्यातही मावेनात. मी तिची बोटं धुतली, मलम लावलं, थोडं कागदात बांधून दिलं. जाताना ती कुंपणापाशी थांबली आणि हाताने खूण करून काहीतरी विचारलं. कंदांच्या ढिगाशेजारी कुंपणाच्या मोडक्या बांबूच्या काड्या रचलेल्या होत्या. भर पावसात सरपणाची सगळ्यांनाच ओढाताण होती. मला वाटलं, काड्या मागते आहे.

"घे, घे," मी म्हणाले, आणि हाताने तशी खूणही केली.

तिने दोन्ही हात जोडले. मी वळून आत गेले. तिने पदरात काय बांधलं ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा तिला पाठीवर घेऊन आला. तो आदल्या दिवशी धान्याच्या शोधात दुसऱ्या गावाला गेला होता, पहाटे परतला तेव्हा बायको आणि म्हातारा बाप दोघंही ओकून ओकून गळून पडले होते. बापाला शिपाईभाऊने जाऊन आणलं. एकीला खाटेवर, दुसऱ्याला खाली चटईवर निजवलं. ओकारी थांबत नव्हती, जुलाब थांबत नव्हते. डोळे खोल गेले होते, हातपाय गार. हगवण-ओकारीची साथ नुकतीच दुसऱ्या तालुक्यात होऊन गेली होती. मला वाटलं, ती इथे आली.

"काय खाल्लं? खाना? क्या खाया?" मी नवऱ्याला विचारत होते. त्याला समजत नव्हतं. बाईला समजलं. ती ओठ हलवून एकच शब्द परत परत म्हणत होती: "गड्डलु... गड्डलु..."

मी शिपाईभाऊकडे बघितलं. त्याने मान हलवली. त्यालाही तेलुगू येत नव्हतं.

तेवढ्यात सुईण आली. तिला कुणी बोलावलं ते मला आजही माहीत नाही. तिने दोघांकडे पाहिलं, ओकारीच्या घमेल्यात पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताला धरून त्याला झोपडीकडे घेऊन गेली. परत आली ती मुठीत काहीतरी घेऊन. तिने मूठ माझ्यासमोर टेबलावर उघडली. उकडलेल्या कंदाची साल होती. शेजारी एक अर्धा तुकडा, कोपरात वाकलेला.

मी त्या तुकड्याकडे बघत उभी राहिले. मला कुंपणाकडे जाऊन बघायची गरज नव्हती.

"उभी काऊन राह्यली?" सुईण ओरडली. "हात चालव!"

त्या दिवशी ती मला पहिल्यांदा अगं-तुगं करून बोलली आणि मला ते बरं वाटलं. मी लाल औषधाचं पातळ पाणी करून दोघांना पाजलं, ते पोटात गेलं तेवढं बाहेर आलं. मग माझ्या कपाटात त्यांच्यासाठी काही नव्हतं. सुईणीने केंद्राच्या अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली, तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं. ती म्हाताऱ्याशी बसली, मी बाईशी. एक चमचा पेज, थांबायचं, ओकली की पुन्हा एक चमचा. मी कुरखेड्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून शिपाईभाऊला नाल्याकडे पाठवलं. तो छातीपर्यंत भिजून परत आला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा तो पलीकडे गेला, तर डॉक्टर दौऱ्यावर होते.

म्हातारा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटी शेवटी तो सुईणीशी तेलुगूत काहीतरी बोलत होता आणि ती त्याला गोंडीत उत्तर देत होती. दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याचं समजत नसावं, पण दोघंही थांबत नव्हते. मग तो थांबला. मुलाने खाली बसून बापाचे पाय धरले.

बाई वाचली. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात पेज राहिली. पाचव्या दिवशी ती भिंत धरून उभी राहिली.

त्याच आठवड्यात मी आणि सुईणीने केंद्राच्या मागे कमरेएवढा खड्डा खणून तो सगळा ढीग पुरला. ती मधूनमधून हाताने खोली मोजायची आणि पुन्हा खणायला लागायची. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

मी सविस्तर अहवाल लिहिला. कंद मी काढले, मी उघड्यावर ठेवले, मला सावध केलं गेलं होतं तरी मी ऐकलं नाही, मागणाऱ्या बाईला मीच परवानगी दिली, सगळं. सही केली आणि पाठवून दिला. नोकरी जाईल, निदान चौकशी होईल, असं धरून चालले होते. खरं सांगायचं तर मला चौकशी हवी होती. कुणीतरी समोर बसवून विचारावं, असं वाटत होतं.

महिन्याभराने अहवाल परत आला. वरती शेरा होता, की मजकूर ठरलेल्या तक्त्यात भरून पाठवावा. तक्त्यात मृत्यूच्या कारणाचे सहा रकाने होते. विषबाधेचा रकाना नव्हता. मी कडेला लिहून पाठवलं. ते कुणी वाचलं की नाही, देव जाणे. पुढे माणसं आली ती पेट्या घेऊन. ओकारी आणि जुलाब म्हणजे हैजा, कॉलरा, असं कचेरीने आपलं ठरवून टाकलं होतं. त्यांनी विहिरीत पावडर टाकली, गावाला ओळीत उभं करून टोचलं. मी त्यांच्या प्रमुखाच्या मागे मागे फिरत सांगत होते, की हैजा नाही, इथे हैजाचा एकही रोगी नाही.

"बहनजी, हमको हैजे का ऑर्डर है," तो म्हणाला.

सुईणीचा दंड सुजला. ती तीन दिवस तो दंड मला दाखवायला येत होती.

अहवाल परत यायच्या आधीच त्या बाईचे केस गळायला लागले होते. आजारातून उठून दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी ती आली आणि पदर सोडून माझ्यासमोर धरला. पदरात केसांचा पुंजका होता. तिने डोक्यावरून हात फिरवला, आणखी केस हातात आले. ती रडत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती. मी डॉक्टरीणच आहे अशा विश्वासाने बघत होती. चार दिवसांत डोकं जवळजवळ उघडं पडलं. हे त्या विषानेच होतं आणि केस पुन्हा येतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा मी माझ्या पेटीतलं एक सुती पातळ फाडून तिला डोक्याला बांधायला दिलं.

मुकादम परत आला तेव्हा मी त्याला केंद्रात बोलावून घेतलं. त्याला तेलुगू, हिंदी आणि आमची बोली, तिन्ही येत होत्या. बाई आणि तिचा नवरा ओट्यावर बसले होते.

"यांना सांगा," मी म्हणाले, "ते कंद माझे होते. मी काढून ठेवले होते. ते विषारी आहेत हे मला माहीत होतं. ती मागत होती तेव्हा मला वाटलं, काड्या मागते. चूक माझी आहे. तिची नाही."

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. "काऊन सांगता, बाई? मेला तो मेला. आता हे बोंब मारतीन, काम सोडून जातीन."

"तुम्ही सांगा. मी सांगते तसंच सांगा."

तो त्यांच्याकडे वळून बरंच काही बोलला. मी त्यांचे चेहरे बघत होते. नवऱ्याने मान खाली घातली. बाई उठली, माझ्याजवळ आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"काय सांगितलंत तुम्ही?" मी ओरडले.

"सांगतलं का बाईनं जीव वाचवला. खोटं हाये का?"

मी त्याला दोनदा, तीनदा सांगितलं. तो हसत होता. मी बाईचे खांदे धरून मराठीत, हिंदीत, हातांनी, सांगायला लागले. स्वतःकडे बोट केलं, टेकडीकडे केलं, कुंपणाकडे केलं. ती घाबरली. तिला वाटलं मी रागावले आहे. नवऱ्याने तिला माझ्यापासून हळूच सोडवलं आणि दोघं वाटेला लागले. आठवड्याभराने सगळ्या झोपड्या उठल्या, खडीचे ढीग तेवढे राहिले.

मी हे सुईणीला सांगितलं तेव्हा ती मोहाची टोरं, म्हणजे बिया, फोडत बसली होती. तिने हात थांबवला नाही.

"तिले सांगून तुले बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "तिले काय वाटलं असतं?"

"तिला खरं कळायला नको?"

"मले नाई माहीत," ती म्हणाली. आणखी एक टोर फोडून पुन्हा म्हणाली, "नाई माहीत मले."

पुढच्या आषाढात टेकडीवर आदल्या वर्षापेक्षा जास्त कोंब आले. मोडून राहिलेल्या प्रत्येक तुकड्याचा एक. केंद्रामागच्या खड्ड्यावर, कमरेएवढ्या मातीतूनही चार आले. सुईण ते बघायला मुद्दाम आली आणि पदर तोंडाला लावून हसली. मी सब्बल ज्याची त्याला परत केली होती.

त्या वर्षी आणखी एका सडकेचं काम निघालं आणि नवी माणसं आली. पहिल्याच आठवड्यात सुईण माझ्या दाराशी उभी. हातात एक अख्खी कळलावी, पानासकट, कंदासकट. "चाल," म्हणाली. आम्ही दोघी झोपडीझोपडीतून हिंडलो. तिने कंद दाखवायचा, तोंडाकडे न्यायचा, मग पोट धरून, जीभ बाहेर काढून मरायचं सोंग करायचं. बायका हसायच्या. मग मी गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे, तेव्हा हसू थांबायचं. मी तिथे होते तोवर दर पावसाळ्यात आम्ही हे केलं. कचेरीला कळवलं नाही.

पण लेप तिने शेवटपर्यंत सोडला नाही. त्यावरून आम्ही चार वर्षं भांडलो. आडवं मूल असलं, पायाळू असलं, की ती मला वेळेवर बोलावू लागली, एवढं झालं. मी पोचले की लेप लावलेलाच असायचा. ती म्हणायची, "तू तुयं कर, मी मायं करतो." मूल सुखरूप आलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे, आणि कुणामुळे आलं यावर पुन्हा जुंपायची. मला ते पटवून देता आलं नाही. तिलाही नाही.

नंतर राज्य बदललं, केंद्राची पाटी नव्याने रंगवली गेली, हिंदी कागद जाऊन मराठी कागद आले, आणि त्यातल्या एका कागदाने माझी बदली सिरोंच्याला झाली. मी निघाले तेव्हा सुईण एका बाळंतपणात अडकली होती. निरोप शिपाईभाऊकडे ठेवून मी गाडीत बसले.

सिरोंच्याला शेजारी एका शाळामास्तरांची बायको होती. तिच्याकडून मी तेलुगू शिकायला लागले. पहिलं वाक्य मागून घेतलं ते, "दीन्नि तिनोद्दु," हे खाऊ नका. गड्डलु म्हणजे कंद, हेही तिच्याकडूनच कळलं. गोदावरीच्या काठच्या टेकाडांवरही कळलावी होती, आणि पावसाळ्यात खडीवर येणारी माणसंही होती. मी एकटीच हिंडायचे. मरायचं सोंग मला सुईणीसारखं जमत नसे.

दोन वर्षांनी माझं तेलुगू बऱ्यापैकी झालं होतं. एका तळावर खडी फोडणाऱ्या बाईने मला विचारलं, की तुम्हाला हे कसं माहीत? मी तिच्याशेजारी दगडावर बसले आणि सगळं सांगितलं. कुंपणापासून ते डोक्याला बांधलेल्या कापडापर्यंत. शब्द अडत होते, काही चुकत होते, पण मध्ये मुकादम नव्हता. ती हातोडी मांडीवर ठेवून ऐकत होती.

मी थांबल्यावर तिने विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

मला सांगता येईना. रजिस्टरात मी 'खडीकामगार स्त्री, वय अंदाजे वीस' एवढंच लिहिलं होतं.

तिने माझ्या हातातली कळलावी घेतली, पान उलटंसुलटं करून नीट बघून घेतलं, आणि पलीकडच्या झोपड्यांतल्या बायकांना हाक मारली.